एसडी-वॅन लावायचं ठरवताय? पेटीआधी लाइन बघा

कंपनीची दोन-तीन ठिकाणं असतात तोवर नेटवर्क जमेल तसं जोडलेलं असतं आणि ते चालतंही. ठिकाणं वाढली की रोज कुठून तरी फोन येतो. एकीकडे सॉफ्टवेअर अडकतंय, दुसरीकडे कॉलवर आवाज तुटतोय, तिसऱ्या शाखेला सर्व्हरच दिसत नाही. मग बैठकीत कुणीतरी एसडी-वॅनचं, म्हणजे शाखांच्या लाइन सॉफ्टवेअरने सांभाळण्याच्या पद्धतीचं, नाव काढतं, विक्रेते सादरीकरणं घेऊन येतात, आणि तिसऱ्या सादरीकरणानंतर सगळ्यांच्या पेट्या सारख्याच दिसू लागतात. त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी हा लेख आहे. राउटर, फायरवॉल, आयपी पत्ता हे शब्द तुम्हाला ठाऊक आहेत, पण अनेक शाखांचं जाळं स्वतः उभं केलेलं नाही, असं मी धरून चालतोय.

माझं मत आधीच सांगतो. या कामाचं बरंवाईट पेटीच्या ब्रँडवर फारसं अवलंबून नसतं. शाखेत कोणत्या लाइन येतात, त्या कशा वागतात आणि तुम्ही ते मोजलंय का, यावर बहुतेक सगळं ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये खरेदी बरीच उशिरा येते.

एसडी-वॅन नेमकं करतं काय

जुनी पद्धत अशी होती: प्रत्येक शाखेतून एमपीएलएसची, म्हणजे टेलिकॉम कंपनीने दिलेली, खासगी लाइन मुख्यालयात किंवा डेटा सेंटरमध्ये, आणि इंटरनेटला जायची वाट फक्त तिथूनच. सर्व्हर मुख्यालयातच होते तोवर ही रचना अगदी योग्य होती. मेल, हिशेब, मीटिंग सगळं क्लाउडवर गेलं तेव्हा तिचा भुर्दंड दिसू लागला. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद. शाखा मुख्यालयापासून १००० किलोमीटरवर आहे आणि क्लाउडचा सर्व्हर मात्र शाखेच्याच शहरात आहे, असं समजा. विनंती मुख्यालयाला जाऊन परत येणार, उत्तरही तसंच. निव्वळ वळशाचे २० मिलिसेकंद झाले, आणि एक पान उघडायला अशा कितीतरी फेऱ्या लागतात. वर प्रत्यक्षातली केबल कधीच सरळ रेषेत जात नाही.

एसडी-वॅनमध्ये प्रत्येक शाखेत एक एज उपकरण बसतं, तीच ही ‘पेटी’. त्याला दोन किंवा अधिक लाइन जोडायच्या: ब्रॉडबँड, लीज्ड लाइन, मोबाइल, जुनी एमपीएलएस, काहीही. उपकरण प्रत्येक लाइनवरून इतर ठिकाणांपर्यंत एन्क्रिप्टेड टनेल उभारतं, बहुधा आयपीसेक या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा. मग त्या टनेलमधून सतत छोटी चाचणी-पॅकेट्स सोडून लेटन्सी (उशीर), जिटर (उशिरातला चढउतार) आणि पॅकेट लॉस (वाटेत गळालेली पॅकेट्स) मोजत राहतं. कॉल कुठल्या लाइनवरून पाठवायचा आणि रात्रीचा बॅकअप कुठल्या, हे तुम्ही एका मध्यवर्ती कन्सोलवर लिहिलेल्या पॉलिसीनुसार आणि त्या क्षणीच्या मोजमापानुसार ठरतं. खालच्या प्रत्यक्ष लाइनना अंडरले म्हणतात आणि वरच्या टनेलच्या जाळ्याला ओव्हरले. हे दोन शब्द पुढे सारखे लागतील.

एक गैरसमज इथेच मोडून काढू. एसडी-वॅन लाइनचा वेग वाढवत नाही. १००-१०० एमबीपीएसच्या दोन लाइन असल्या तरी एकच मोठी फाइल बहुतेक उत्पादनांत एकाच लाइनवरून जाते, कारण वाटणी कनेक्शननुसार होते. पॅकेटनुसार वाटणी करणारी उत्पादनंही आहेत, पण त्यांतही दोन लाइनच्या लेटन्सीत मोठा फरक असला की फायदा आटतो. वाईट लाइन चांगली करायची जादू यात नाही. ती कधी वाईट झाली हे ओळखून वाहतूक वळवायची सोय आहे, एवढंच.

पायरी १: कुठून कुठे काय जातं, याची यादी

प्रत्येक ठिकाणासाठी एक तक्ता करा. कोणती ॲप्लिकेशन्स वापरतात, त्यांचा सर्व्हर कुठे आहे, किती जण एकाच वेळी वापरतात, आणि तासभर बंद पडलं तर काय अडतं. शेवटचा रकाना आयटीवाल्यांनी भरू नये, शाखेच्या व्यवस्थापकांना विचारावा. उत्तरं अनेकदा उलटी निघतात.

हमखास सुटणाऱ्या गोष्टी: कार्ड स्वाइप मशीन, हजेरीची यंत्रं, सीसीटीव्हीचं दूरस्थ रेकॉर्डिंग, अलार्म पॅनेल, आणि कुठल्या तरी पुरवठादाराने दुरुस्तीसाठी ठेवलेला जुना व्हीपीएन. स्थलांतराच्या दिवशी नेमकं हेच बंद पडतं.

मग या सगळ्याचे तीन किंवा चार वर्ग करा: आवाज आणि व्हिडिओ, कामाची मुख्य ॲप्लिकेशन्स, सामान्य ब्राउझिंग, आणि मागे राहिलं तरी चालेल असं (बॅकअप, अपडेट). कन्सोल तुम्हाला हजारो ॲप्लिकेशन्सची नावं दाखवेल आणि प्रत्येकासाठी वेगळा नियम लिहिण्याचा मोह होईल. तो आवरा. सहा महिन्यांनी ते नियम कुणालाच उलगडत नाहीत.

पायरी २: आजच्या लाइन मोजा

स्पीड टेस्टचा आकडा एका क्षणाचा असतो. प्रत्येक शाखेतून मुख्यालयाकडे आणि मुख्य क्लाउड सेवेकडे निदान एक पूर्ण आठवडा पिंग चालू ठेवा आणि नोंदी वेळेनुसार बघा. सकाळी साडेदहाला आणि रात्री दोनला एकच लाइन दोन वेगळ्या लाइनसारखी वागते. अपलोड वेगळा मोजा. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो, आणि शाखेचे व्हिडिओ कॉल व बॅकअप अडतात ते अपलोडमध्ये.

मोजलेलं कशाशी ताडायचं? आवाजासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस आधाराला घेतात: एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक बोलण्याला जाणवत नाही. जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत, हे क्षेत्रात रुळलेले मापदंड आहेत. बँडविड्थचा हिशेब सोपा आहे. जी.७११ कोडेकचा (आवाजाचा डेटा करण्याच्या पद्धतीचा) आवाज ६४ केबीपीएसचा, आयपीची हेडर धरून ८०, आणि आयपीसेक टनेलमध्ये गेल्यावर साधारण १०० ते ११० केबीपीएस, तेही प्रत्येक दिशेने. दहा कॉल एकाच वेळी चालत असतील तर अपलोडमध्ये सव्वा एमबीपीएस बाजूला ठेवा.

पायरी ३: दुसरी लाइन खरोखर दुसरी आहे का

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. एखादी लाइन ९९.५ टक्के वेळ चालू असते असं धरा. ऐकायला छान, पण वर्षाला ती जवळजवळ ४४ तास बंद असते. तशाच दोन लाइन घेतल्या आणि त्यांचं बंद पडणं एकमेकांशी अजिबात संबंधित नसेल, तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ वर्षाला सुमारे १३ मिनिटांवर येते. एसडी-वॅनचं सगळं आकर्षण या गणितात आहे, आणि सगळी फसगतही. कारण ‘संबंधित नसेल’ ही अट फार क्वचित पूर्ण होते.

दोन वेगळ्या कंपन्यांची बिलं येतात म्हणजे दोन वेगळ्या लाइन असतात असं नाही. एक कंपनी दुसरीचीच फायबर भाड्याने घेऊन विकत असेल. दोघांच्या केबल इमारतीत एकाच पाइपातून शिरत असतील, म्हणजे जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडणार. दोन्ही मोडेम एकाच प्लग-बोर्डवर असतील, आणि यूपीएस फक्त सर्व्हरला. प्रोव्हायडरला थेट विचारा: शेवटच्या टप्प्यातली केबल कुणाची आहे, आणि इमारतीत ती कुठून येते? लेखी मिळालं तर उत्तम. न मिळाल्यास केबलच्या मागे चालत जा. यात विनोद नाही, खरंच चालत जा.

म्हणूनच दुसरी किंवा तिसरी लाइन वेगळ्या माध्यमाची असावी असं मला वाटतं: एक फायबर आणि एक मोबाइल किंवा वायरलेस. मोबाइल लाइनच्या दोन गोष्टी मात्र आधी बघाव्या लागतात. पहिली, डेटाची मर्यादा. १०० बाइटचं चाचणी-पॅकेट दर सेकंदाला दोन्ही दिशांनी गेलं तर एका टनेलला महिन्याकाठी सुमारे ५०० एमबी लागतात. वीस टनेल असतील तर कुणी काहीही न वापरता १० जीबी संपले. चाचणीचा वेग कमी करायची किंवा गरज पडेपर्यंत ती लाइन झोपवून ठेवायची सोय पेटीत आहे का, ते तपासा.

दुसरी गोष्ट सीजीनॅटची, म्हणजे प्रोव्हायडरने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची. मोबाइल आणि अनेक ब्रॉडबँड लाइनवर तुम्हाला खरा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. अशी शाखा बाहेर कनेक्शन करू शकते, पण तिच्यापर्यंत बाहेरून पोहोचता येत नाही. दोन्ही टोकं अशीच असतील तर त्यांच्यात थेट टनेल जुळेलच याची खात्री नसते. निदान हबच्या, म्हणजे बाकीच्या शाखा जिथे जोडल्या जातात त्या, ठिकाणी स्थिर सार्वजनिक आयपी घ्या.

आणि एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. इथरनेटवर एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचं, पीपीपीओई (लॉगिन लागणाऱ्या ब्रॉडबँड) लाइनवर १४९२, आणि टनेलची हेडर त्यातून आणखी जागा खातात. हे जुळलं नाही की विचित्र लक्षणं दिसतात: पिंग व्यवस्थित जातं, हलकी पानं उघडतात, पण फाइल पाठवताना किंवा लॉगिन करताना सगळं गोठतं. बहुतेक एज उपकरणं एमटीयू स्वतः शोधतात आणि टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाचा आकार, कमी करतात. तरीही प्रत्येक नव्या लाइनवर मोठ्या आकाराचं, तुकडे न होऊ देणारं पिंग टनेलमधून एकदा करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

एमपीएलएस आहे तिथे ती पहिल्याच दिवशी तोडू नका. तिलाही एक अंडरले म्हणून जोडा आणि मोजमापं तीन-चार महिने बघा. इंटरनेटवर तुमच्या प्राधान्याच्या खुणा, म्हणजे डीएससीपी मार्किंग, वाटेत कुणी पाळेल याची हमी नसते. एमपीएलएसच्या करारात ती असू शकते. काही शाखांसाठी तेवढ्याखातर ती ठेवणं परवडतं.

पायरी ४: पत्ते आणि आकार

सगळ्या शाखांत १९२.१६८.१.० हेच नेटवर्क चालू असेल तर ओव्हरलेमध्ये त्या एकमेकांना दिसणार नाहीत. नॅटच्या, म्हणजे वाटेत पत्ते बदलण्याच्या, कसरती करून जुळवता येतं, पण प्रत्येक पुढची अडचण शोधताना त्या कसरतीची किंमत मोजावी लागते. त्यापेक्षा पत्ते आत्ताच बदला. साधी रीत अशी: २३ क्रमांकाच्या शाखेला १०.२३ ने सुरू होणारे पत्ते, त्यात १० कार्यालयाला, २० फोनला, ३० कॅमेऱ्यांना, ४० पाहुण्यांच्या वायफायला. नोंदीत १०.२३.३०.७ दिसला की कागद न उघडता कळतं, २३ व्या शाखेचा कॅमेरा.

टनेल कुणाकुणात? प्रत्येक ठिकाण प्रत्येकाशी जोडायचं तर २० ठिकाणांना १९० जोड्या होतात. प्रत्येकाकडे दोन लाइन असतील तर जोडीमागे चार, म्हणजे ७६० टनेल. छोट्या पेट्या त्यात दमतात. शाखांचं आपसात काम नसेल तर हब-अँड-स्पोकने, म्हणजे प्रत्येक शाखा फक्त हबशी जोडून, सुरुवात करा, आणि दोन शाखांत कॉल होत असतील तर गरजेपुरता टनेल उभारून नंतर मोडणारी सोय वापरा. हब दोन ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी.

पायरी ५: शाखेतून थेट इंटरनेट

वळसा टाळायला शाखेतूनच इंटरनेटला बाहेर पडू द्यायचं, हे ओघानेच आलं. मात्र पूर्वी एकच दार होतं, आता शाखा तितकी दारं. प्रत्येक दारावर फायरवॉल लागते: पेटीतली, किंवा वाहतूक आधी क्लाउडमधल्या सुरक्षा सेवेतून नेणारी. गार्टनर या संशोधन कंपनीने २०१९ मध्ये ‘सॅसी’ (SASE) हे नाव दिलं ते नेटवर्क आणि सुरक्षेच्या याच जोडगोळीला. नवख्यांनी मधली वाट धरावी. भरवशाच्या दोन-चार क्लाउड सेवा थेट सोडा, बाकीचं ब्राउझिंग सुरक्षा सेवेतून किंवा हबवरून न्या.

तीन गोष्टी इथे हमखास पाय अडकवतात. शाखेची डीएनएस विचारणा (नावावरून पत्ता शोधणं) अजून मुख्यालयात जात असेल तर क्लाउड सेवा मुख्यालयाजवळच्या सर्व्हरचा पत्ता देते, आणि वाट सरळ करूनही वळसा तसाच राहतो. दुसरं, बँक किंवा एखादा भागीदार तुमच्या ठरावीक सार्वजनिक आयपीलाच आत घेत असेल, तर ती वाहतूक हबवरूनच गेली पाहिजे. तिसरं फेलओव्हरचं, म्हणजे एक लाइन बिघडली की दुसरीवर जाण्याचं. टनेलमधलं कनेक्शन लाइन बदलली तरी सहसा टिकतं, कारण आतले पत्ते बदलत नाहीत. थेट इंटरनेटवर गेलेलं कनेक्शन मात्र लाइन बदलताच नव्या सार्वजनिक पत्त्यावरून दिसू लागतं आणि तुटतं. ‘कॉल तुटणार नाही’ असं विक्रेता सांगतो तेव्हा तो यातल्या कुठल्या कॉलबद्दल बोलतोय, ते विचारा.

पायरी ६: आता पेटी

व्हिप्टेला आणि व्हेलोक्लाउड या एसडी-वॅनच्या दोन्ही कंपन्या २०१२ साली सुरू झाल्या. २०१७ मध्ये पहिली सिस्कोने घेतली, दुसरी व्हीएमवेअरने. पुढे २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेली आणि २०२५ मध्ये व्हेलोक्लाउड अरिस्टाकडे. सिल्व्हर पीक २०२० मध्ये एचपीईने घेतली. एवढ्यासाठी सांगतोय की पाच वर्षांचा करार करताना पलीकडचं नाव तेच राहील असं धरू नका. एमईएफ या संस्थेने २०१९ मध्ये एसडी-वॅन सेवेचं मानक काढलं, त्याने शब्दांचे अर्थ ठरले. पण एका विक्रेत्याची पेटी दुसऱ्याच्या ओव्हरलेमध्ये सहसा बसत नाही. एकदा निवड केली की सगळ्या शाखांत तीच.

विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. एन्क्रिप्शन आणि सुरक्षा तपासणी दोन्ही चालू असताना वेग किती मिळतो? माहितीपत्रकातला मोठा आकडा बहुधा त्याशिवायचा असतो. लायसन्स संपल्यावर पेटी चालू राहते, फक्त बदल करता येत नाहीत, की थांबतेच? पेट्यांना पॉलिसी देणाऱ्या मध्यवर्ती कंट्रोलरशी संपर्क तुटला तर शाखा शेवटच्या माहितीवर किती वेळ चालते? आणि उपकरणातल्या प्रमाणपत्रांची मुदत कधी संपते? मे २०२३ मध्ये व्हिप्टेलाच्या काही जुन्या व्हीएज पेट्यांमधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ग्राहकांना घाईघाईने सॉफ्टवेअर बदलावं लागलं. लाइन उत्तम, पेटी उत्तम, तरी कंट्रोलरशी जोडणी होईना.

चालवणार कोण, हाही प्रश्न याच टप्प्याचा. तुमच्याकडे नेटवर्कची दोन माणसंही नसतील तर व्यवस्थापित सेवा घ्या, पण कन्सोलवर निदान बघण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवा. तो नसेल तर लाइन कुणामुळे पडली यावर प्रोव्हायडरचं म्हणणं ऐकून घेण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

पायरी ७: पायलट, आणि मुद्दाम बिघाड

पायलटसाठी सगळ्यात गुणी शाखा निवडतात आणि मग सगळं छान चालतं. तुम्ही एक मध्यम आणि एक सगळ्यात रडकी शाखा घ्या. जुनी जोडणी तशीच ठेवा, पाठोपाठ नवी चालवा.

केबल उपटून फेलओव्हर दाखवणं सोपं आहे, प्रत्येक पेटी ती परीक्षा पास होते. खऱ्या आयुष्यात लाइन मरत नाही, आजारी पडते: दिवा हिरवा, पिंग जातंय, पण शंभरातली चार पॅकेट्स गळताहेत. हीच परिस्थिती तयार करा. दोन नेटवर्क पोर्ट असलेला लिनक्स संगणक एज आणि मोडेमच्या मध्ये ठेवून लिनक्समधल्या नेटएम या सोयीने ४ टक्के लॉस किंवा २०० मिलिसेकंद उशीर घालता येतो. कॉल चालू ठेवा आणि बघा, पेटीला कळायला किती वेळ लागतो, वाहतूक वळते का. नंतर लाइन बरी करा आणि परतीचा प्रवास बघा. थोडं सुधारताच पेटी लगेच मागे उडी मारत असेल, पुन्हा बिघडताच पुन्हा इकडे, तर परतण्याआधी थांबायची वेळ वाढवा. दोन-पाच मिनिटं लाइन स्थिर दिसल्याशिवाय परत जायची घाई नको.

फॉरवर्ड एरर करेक्शन (गळालेली पॅकेट्स भरून काढायला जादा डेटा पाठवणं) आणि पॅकेट दुहेरी पाठवण्याची सोय याच वेळी आजमावा. गळक्या लाइनवर आवाजासाठी ती खरंच उपयोगी पडते. सगळ्या वाहतुकीला लावली तर आधीच भरलेली लाइन आणखी भरते आणि लॉस वाढतो.

पायरी ८: उरलेल्या शाखा

झिरो-टच म्हणजे पेटी शाखेत कुणीही जोडावी, ती स्वतः कंट्रोलर शोधून कॉन्फिगरेशन घेते. हे बहुतेक वेळा खरंच जमतं. जमत नाही तेव्हा कारणं क्षुल्लक असतात: लाइनला पीपीपीओईचा पासवर्ड लागतो आणि पेटीला तो माहीत नाही, केबल चुकीच्या पोर्टात आहे, सिम चालूच केलेलं नाही, किंवा पेटीचं घड्याळ चुकलंय म्हणून प्रमाणपत्र अवैध ठरतंय. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर शेळ्यांना आधी खुणा करून ठेवा. पोर्टांवर रंगीत पट्ट्या, प्रत्येक केबलवर लेबल, आणि शाखेतल्या माणसाला एका पानाचं चित्र. एका दिवशी एक-दोन शाखांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि जुन्या राउटरवर परत जायची रीत त्याच पानावर लिहा.

पायरी ९: चालू झाल्यानंतर

बॅकअप लाइन बंद पडलेली महिनोन्‌महिने कळत नाही, कारण कुणाचं काही अडत नाही. फेलओव्हर इतका गुपचूप होतो की पहिली लाइन पडल्याचंही शाखेला कळत नाही, आणि मग दुसरी पडते. दोन्ही लाइनच्या स्थितीचा वेगळा अलार्म लावा, आणि महिन्यातून एकदा कामाच्या वेळेत वाहतूक मुद्दाम दुसऱ्या लाइनवर घ्या. रविवारी रात्री रिकाम्या शाखेत केलेल्या चाचणीतून काही कळत नाही.

कन्सोलमध्ये प्रत्येक लाइनचा अपलोड आणि डाउनलोड वेग लिहायचा रकाना असतो. तिथे मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा लिहा, साधारण ९० ते ९५ टक्के. त्यामुळे रांग प्रोव्हायडरच्या मोडेममध्ये लागण्याऐवजी तुमच्या पेटीत लागते, आणि रांगेत कॉलला पुढे काढणं पेटीला जमतं. आकडा जास्त लिहिला तर प्राधान्याचे सगळे नियम असूनही आवाज तुटतो.

हाच रकाना नंतर विसरला जातो. शाखेची लाइन १०० वरून ३०० एमबीपीएस केली जाते, बिल वाढतं, आणि तक्रार येते की वेग तेवढाच आहे. पेटीला अजून शंभरच माहीत असतात. लाइनचा प्लॅन बदलण्याची विनंती जो कुणी मंजूर करतो, त्याच्या अर्जात ‘कन्सोलमधला वेग बदलला का’ ही ओळ घालून ठेवा.